पुढचं घर, मागचं घर आणि मी

मी 'विकणे आहे'ची पाटी बोलतेय. मला एवढे दोनच शब्द येतात, आणि तेही कुठल्या शाळेत शिकले नाही. रंगाऱ्यानं अंगावर काढले तेच पाठ केले. पण त्या दोन शब्दांच्या जोरावर मी नोर्डवेर गावातली निम्मी घरं विकली आहेत. वेळ असेल तर बसा. नसेल तर उभ्यानंच ऐका. माझी गिऱ्हाइकं तशीही घरं उभ्यानंच बघतात.

जन्मानं मी पाटी नाही. मी दार होते, समुद्रात डुंबायला येणाऱ्यांनी कपडे बदलायच्या लाकडी खोलीचं दार. किनाऱ्यावर अशा खोल्यांची रांग असायची. माझ्या आडोशाला बाया-बापड्यांनी ओले कपडे बदलले, नवऱ्यांना शिव्या घातल्या, नव्या टोपीवर किती खर्च झाला ते एकमेकींना खरं खरं सांगितलं. माणूस कसं बोलतो आणि त्याच्या मनात काय असतं, यातला फरक मी तिथेच शिकले. पुढे धंद्यात ते फार कामाला आलं.

मग एका वादळात खोल्या गेल्या आणि मी वाळूत येऊन पडले. सकाळी घरांचा दलाल मार्टेन तिथून चालला होता. हा माणूस रस्त्यावरचा खिळासुद्धा वाया जाऊ देत नसे. त्यानं मला पायानं उलटवलं, म्हणाला, "चांगली जाड फळी आहे," आणि सायकलला बांधून घरी नेलं. करवतीनं माझे दोन तुकडे केले. एक मी. दुसरा त्याच्या बायकोनं आंबवलेल्या कोबीच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवला. ती माझी सख्खी बहीण, अजून तिथेच आहे, आणि माझ्यापेक्षा तिनं जास्त जग पाहिलं असं तिचं म्हणणं आहे. असो.

मला पांढरा रंग दिला, निळी अक्षरं काढली आणि मी कामाला लागले.

या धंद्यात गिऱ्हाईक ओळखता आलं पाहिजे. जो दारातूनच "वा, काय उजेड आहे!" म्हणतो तो कॉफी पिऊन निघून जातो. जो नाक मुरडतो, "इथे ओल आहे, तिथे फरशी हलते" म्हणतो, तो दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन येतो. आणि जो बोलता बोलता जिन्याच्या पायरीवर बसतो, त्यानं मनातल्या मनात घर घेतलेलंच असतं. फक्त त्याला ते अजून ठाऊक नसतं.

विकणाऱ्यांच्याही तऱ्हा असतात. एका विधुर मास्तरांच्या दारावर मला लावलं होतं. मार्टेनची पाठ वळली की मास्तर मला काढून कुंपणामागे ठेवायचे. घर विकायचं होतं, पण शेजाऱ्यांना कळायला नको होतं! मार्टेन लावायचा, मास्तर काढायचे. असं बरेच दिवस चाललं. एकदा वाऱ्यानं मी कुंपणापलीकडे पडले आणि शेजाऱ्यानं वाचलं. तो तसाच चपला घालून आला आणि म्हणाला, "अहो मास्तर, माझी मुलगी वर्षभर घर शोधतेय. सांगायचं नाही का?" तासाभरात सौदा झाला. त्या सौद्याची दलाली मार्टेननं घेतली खरी, पण काम वाऱ्यानं केलं होतं.

आकडे मात्र मला विचारू नका. दलालाची पाटी आहे मी. आकडा ऐकायचा आणि विसरायचा.

मार्टेन गेला, मुलगा क्राइन गादीवर आला. त्याच्याकडे आता प्लास्टिकच्या चकचकीत पाट्या आहेत आणि लोक घरं फोनवरच बघतात. तरी जुन्या गल्ल्यांमध्ये जुनी माणसं "तुझ्या बापाची पाटी लाव" म्हणतात, म्हणून माझं पोट चाललं होतं. नेलमावशीनंही तेच म्हटलं.

तिची गोष्ट सांगायची तर आधी आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. जुन्या घरांच्या मागे, अंगण ओलांडलं की, एक बुटकं घर असतं. एक जूनला मालक कॉफीची किटली, रेडिओ आणि मांजर घेऊन त्या मागच्या घरात जातो, आणि पुढचं घर उन्हाळी पाहुण्यांना भाड्यानं देतो. एक सप्टेंबरला पाहुणे जातात, मालक पुन्हा पुढे येतो. राजेरजवाडे उन्हाळ्यात डोंगरावर जात, आमचे लोक अंगण ओलांडतात.

उन्हाळ्यात मागे राहणं ही हुशारी. पण हिवाळ्यात मागे राहणं ही नामुष्की. म्हणजे ज्याला स्वतःचं पुढचं घर परत मिळालं नाही असा माणूस. फार पूर्वी यान नावाच्या एका माणसानं वर्षभराच्या भाड्याच्या लोभानं पुढचं घर एका दातांच्या डॉक्टरला दिलं. डॉक्टर काही हललाच नाही. यान मागच्या घरात कुडकुडत राहिला. गाव त्याला 'मागचा यान' म्हणू लागलं. तो मेला, त्याचा मुलगा मेला, आणि नातू दोन बोटींचा मालक झाला, तरी आजही लोक त्याला 'मागच्या यानचा लेन्डर्ट' म्हणतात. आमचं गाव विसरत नाही.

आता नेलमावशी. कागदावर नेल्ट्ये हासनोट, गावाला नेलमावशी. ऐंशी ओलांडलेली, जीभ तिखट. नवरा कोबुस मासेमारीच्या बोटीवर होता, वारला त्याला बरीच वर्षं झाली. तिच्याकडे दर उन्हाळ्याला डॉर्टमुंडहून तेच एक जोडपं यायचं. तरुणपणी येऊ लागलं ते म्हातारपणापर्यंत. यंदा हिवाळ्यात त्यांचा फोन आला, की गुडघे गेले, आता येणं होणार नाही. त्याच आठवड्यात नेलमावशी जिन्यात घसरली. आमच्याकडचे जिने म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच. हाड वाचलं, पण कंबर धरली.

मुलगा आरी रॉटरडॅमहून आला.

"आई, माझ्या इमारतीत एक फ्लॅट रिकामा होतोय. लिफ्ट आहे."

"लिफ्ट कुठे जाते?"

"वर. आठव्या मजल्यावर."

"आणि वर जाऊन काय बघायचं? रॉटरडॅम?"

पण कंबरेपुढे तिचं काही चाललं नाही. मार्चमध्ये क्राइननं मला तिच्या दर्शनी भिंतीवर, खिडकीशेजारी ठोकलं. आमच्याकडे खिडक्यांना पडदे ओढायची पद्धत नाही, त्यामुळे आतलं सगळं मला दिसायचं आणि खिडकी किलकिली असली की ऐकूही यायचं.

बघायला बरेच आले. त्यांतले खरे दोनच.

पहिले अ‍ॅमस्टरडॅमचे नवराबायको, दोघंही वकील. माणसं सभ्य. शनिवार-रविवारसाठी घर हवं होतं. मागचं घर पाडून तिथे वाफेच्या आंघोळीची खोली बांधायची म्हणाले. नेलमावशी फक्त "अस्सं" म्हणाली.

दुसरे आपल्याच गावातले, लिसबेत आणि वाउटर. लिसबेत किनाऱ्यावर हेरिंग माशांची गाडी चालवते. तिचा आवाज असा, की समुद्राला भरती असो की ओहोटी, "ताजा हेरिंग!" गावभर ऐकू जातो. तिचा नवरा वाउटर आतल्या मुलखातला, शेतकऱ्याच्या घरचा. वाळूवरची लाकडी उपाहारगृहं वसंतात उभी करायची आणि थंडीआधी पुन्हा सुटी करून ठेवायची, हा त्याचा धंदा. त्यांना टेस नावाची सात वर्षांची मुलगी.

या तिघांचं दुखणं असं, की ते एका कॅफेच्या वर भाड्यानं राहायचे, पण फक्त सप्टेंबर ते मे. जून लागला की मालकाला उन्हाळी पाहुणे हवे असत आणि ही मंडळी बोचकी बांधून वाळूच्या टेकड्यांमागे कॅरव्हानमध्ये जात. शाळेत 'माझं घर' काढायला सांगितलं तर टेसनं घराला चाकं काढली. आणि यंदा मालकानं निरोप दिला, की सप्टेंबरातही परत येऊ नका, आता मला हिवाळ्यातसुद्धा पाहुणे मिळतात. म्हणजे एक जूनपर्यंत घर झालं नाही, तर वाउटरच्या आईच्या माळ्यावर, समुद्रापासून दोन तास आत. गाडी बंद. शाळा बदलायची. गाव सुटलं.

लिसबेत घर बघायला आली तेव्हा तिनं सगळ्याला नावं ठेवली. नळ गळतो म्हणाली, खिडकीची चौकट कुजलीय म्हणाली. मग जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली. मी ओळखलं.

मेच्या मध्यावर नेलमावशीनं लिसबेत आणि वाउटरला कॉफीला बोलावलं. क्राइनही होता. प्रत्येकाला एक बिस्किट मिळालं आणि डब्याचं झाकण लागलं, आमच्याकडे लागतं तसंच.

"तुमचा आकडा बरा आहे," नेलमावशी म्हणाली. "पण वकिलांचा त्याहून बरा आहे."

"असणारच," लिसबेत म्हणाली. "पण ते हिवाळाभर अ‍ॅमस्टरडॅमला. तुमच्या खिडकीत दिवा लागायचा नाही."

"मी रॉटरडॅमला असेन. मला कुठे दिसतंय?"

"तुम्हाला रॉटरडॅमहूनसुद्धा दिसेल, मावशी. गल्लीत कोणी नवी चप्पल घातली तरी तुम्हाला दिसते."

नेलमावशी हसली. क्राइननं माझ्याकडे बघितलं, म्हणजे खिडकीकडे, पण मला कळलं. सौदा पिकला होता. फक्त कोणी हात लावायला नको होता.

वाउटरनं लावला.

"आणि मावशी," तो म्हणाला, "तुम्हाला रॉटरडॅमला जायचं नसेल तर जाऊ नका ना! मागचं घर आहे की. तिथे जिना नाही, काही नाही. बारा महिने राहा. हिवाळ्यातसुद्धा. आम्ही एक पैसा भाडं घेणार नाही."

टेबलाखाली धप्प आवाज झाला. तो लिसबेतचा बूट. पण उशीर झाला होता.

"हिवाळ्यात," नेलमावशी म्हणाली. "मागे."

"म्हणजे तुमच्या कंबरेच्या दृष्टीनं..."

"मागची नेल! कोबुस हासनोटच्या बायकोला मागची नेल करायला निघालात."

"मावशी, याला काय कळतंय," लिसबेत घाईनं म्हणाली, "हा गाईगुरांत वाढलाय..."

"ते दिसतंच आहे. क्राइन, घर विकायचं नाही."

ती उठली, कोबुसची पक्कड घेतली आणि बाहेर आली. असे खिळे उपसले की माझ्या कोपऱ्याचा टवका उडाला. समोरची शेजारीण खिडक्या पुसत होती, तिनं विचारलं, "विकलं का घर, नेलमावशी?"

"नाही. पाटी विकत घेतली."

क्राइन मागोमाग आला. "मावशी, पाटी माझी आहे हो. बापाची आठवण आहे."

"आणि भोकं माझ्या भिंतीला पडलीत. फिटंफाट!"

तिनं मला अंगणात नेऊन दोन पेट्यांवर आडवं टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा मी आभाळाकडे तोंड करून पडले. माझ्यावर काय ठेवायचं ते तिनं दुसऱ्याच दिवशी ठरवलं. बारीक कोळंबी सोलायचं टेबल!

सांगायला लाज नाही, मला आधी राग आला होता. ज्या अक्षरांनी गल्ल्या विकल्या त्यांच्यावर कोळंबीची सालं! पण जागा मोक्याची होती. एका बाजूला पुढच्या घराचं मागचं दार, दुसऱ्या बाजूला मागच्या घराचं पुढचं दार, मधोमध मी. दुकान टाकायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

एक जून उजाडला. पाहुणे कोणी येणार नव्हते. तरी नेलमावशीनं पुढच्या घरात धुतलेल्या चादरी घातल्या, किटली, रेडिओ आणि मांजर उचललं आणि मागच्या घरात आली. शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, "अगं, पण पुढे कोणी नाहीये ना?"

"म्हणून काय झालं? एक जून आहे."

दुपारी लिसबेत आली, कोळंबीची बादली घेऊन. त्या भांडणानंतर पहिल्यांदाच. तोंड पाडलेलं, पण नेलमावशीनं कोळंबी सांगून ठेवली होती आणि लिसबेत सांगितलेला माल पोचवणारी बाई. नेलमावशीनं तिच्यापुढे पेटी सरकवली. दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या आणि सोलायला लागल्या. हात चालू असले की बायका एकमेकींच्या तोंडाकडे न बघता बोलू शकतात. ते बरं पडतं.

"यंदा कॅरव्हान कुठे लावलीय?"

"विकली."

"कशाला?"

"तुमच्या घरासाठी. आकडा वाढवायला."

नेलमावशीनं सालांचा ढीग बाजूला सारला.

"मग?"

"रविवारी निघतोय. त्याच्या आईच्या माळ्यावर. तिथे सकाळी उठलं की गाई दिसतात."

"गाडी?"

"तिथे कोणाला हेरिंग विकू? गाईंना?"

नेलमावशीनं एक कोळंबी सोलून तोंडात टाकली. "डॉर्टमुंडचे यंदा येणार नाहीत. चादरी घालून ठेवल्यात. वाया जाणार."

लिसबेतचे हात थांबले.

"हात थांबवू नकोस, कोळंबी उन्हात खराब होते. पाहुणे म्हणून राहायचं. डॉर्टमुंडवाले देत होते तेवढंच भाडं, ओळखीची सवलत नाही. बाहेरून आलं की बादलीत पाय धुवायचे, मगच आत. आणि एक सप्टेंबरला निघायचं."

"मावशी, वाउटर त्या दिवशी जे बोलला..."

"पाहुण्यांशी मी घरच्या गोष्टी बोलत नाही."

तर अशी ती मंडळी पुढच्या घरात आली, आणि जग पुन्हा सरळ झालं. मालकीण मागे, पाहुणे पुढे. नेलमावशीला असा हुरूप चढला की विचारू नका. सकाळी उठली की पुढच्या घराच्या पायऱ्यांवर बोट फिरवायची.

"वाळू! ही वाळू कोणाच्या पायाची?"

"माझ्या," टेस कबूल करायची.

"डॉर्टमुंडच्या बाईंच्या पायाला कधी वाळू लागली नाही."

"त्या समुद्रावर जायच्याच नाहीत का?"

 मावशीनं टेसला पाय धुवायची बादली दाखवली आणि आत जाऊन हसली. मी पाहिलं ना.

जुलैत चार दिवस जोराचा वारा सुटला. मागच्या घराच्या फटींतून तो शीळ घालत आत शिरायचा. नेलमावशी कुरकुरली. वाउटरनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी अवजारांची पेटी घेऊन हजर. लिसबेतनं त्याला माझ्या टेबलापाशीच अडवलं.

"हे बघ, काय करायचं ते कर. पण 'हिवाळा' हा शब्द तोंडातून बाहेर पडला, तर उरलेलं आयुष्य तुझ्या आईच्या माळ्यावर. एकट्यानं."

तो मान हलवून कामाला लागला. आधी फटी बुजवल्या. मग छपराच्या आतून जाड लोकर भरली. मग एक चांगली शेगडी आणली आणि धुराडं दुरुस्त केलं. शेवटी दुहेरी काचा बसवायला घेतल्या तेव्हा नेलमावशी काठी टेकत बाहेर आली.

"काय रे, जुलैच्या वाऱ्याला दुहेरी काच?"

वाउटर घामाघूम झाला. मी श्वास रोखला. पाटीला श्वास नसतो, पण तरी.

"हो मावशी," तो म्हणाला. "यंदाचा जुलै फार गार आहे."

 ऊन असं पडलं होतं की माझा रंग तापून चिकट झाला होता.

"आहे खरा," ती म्हणाली आणि आत गेली.

ऑगस्टमध्ये आरी आला. वकिलांनी आकडा आणखी वाढवला होता.

"आई, हे भाडेकरू किती दिवस ठेवणार? रॉटरडॅमचा फ्लॅट थांबणार नाही."

"भाडेकरू नाहीत, पाहुणे आहेत. पाय धुतलेस?"

"आई, मी गाडीतून आलोय!"

"मग चाकं धुतलीस?"

आरी बिचारा वाईट नाही. आईची काळजी त्यालाही होतीच. तो रात्री मागच्या घरात तिच्याजवळ झोपला आणि सकाळी माझ्याजवळ कॉफी पिताना म्हणाला, "इथे झोप छान लागते. तुझ्या कंबरेचं काय?"

"कंबर? तिला जिना आठवतच नाही आता." हे बोलली आणि घाईनं कप उचलून आत गेली. जणू दुसऱ्याचं गुपित चुकून तिच्या तोंडातून निसटलं.

आणि मग एक सप्टेंबर.

सकाळीच लिसबेतनं चादरी धुऊन दोरीवर टाकल्या. बोचकी बांधून दाराशी ठेवली. टेसचं दप्तर नव्या शाळेच्या नावाचं.  ठरलं ते ठरलं, आमच्या गावात एक सप्टेंबरनंतरची मुदत कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही.

मागच्या घराचं दार उघडलं. नेलमावशी हातात किटली घेऊन अंगण ओलांडून निघाली. काठीचा आवाज, मग थांबणं. माझ्याजवळ आली, एक हात माझ्यावर टेकवला. वजन फार नव्हतं. समोर पुढच्या घराचं दार होतं. दर वर्षी या दिवशी ती त्या दारातून सरळ आत शिरायची, स्वतःचंच घर ते. दाराच्या काचेतून जिना दिसत होता, शिडीसारखा उभा. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

मग तिनं दार वाजवलं.

लिसबेतनं उघडलं. नेलमावशी आपल्याच दारावर टकटक करतेय हे तिला आधी समजलंच नाही.

"पाहुणे निघाले का?"

"निघालोय, मावशी. चादरी धुतल्यात."

"डॉर्टमुंडवाल्यांनी कधी चादरी धुतल्या नाहीत." मग थोडं थांबून, "हवा कशी आहे?"

"चांगली आहे. ऊन आहे."

"मग घाई कसली? ऊन असताना पाहुण्यांना घालवायची आमच्यात पद्धत नाही."

"आणि ऊन गेलं की, मावशी?"

नेलमावशीनं किटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"माझा उन्हाळा कधी संपतो ते मी ठरवणार. यंदा जरा लांबलाय, एवढंच. क्राइनला निरोप पाठव. म्हणावं, पाटी माझ्याकडे आहे."

लिसबेतनं, जिचा आवाज गावभर जातो तिनं, मुकाट्यानं दाराशी ठेवलेलं पहिलं बोचकं उचलून आत ठेवलं. वाउटर मागून बोलायला निघाला तेव्हा तिनं न बघताच बूट मारला. या वेळी वेळेवर.

लिसबेत-वाउटरशी सौदा आधीच्याच आकड्याला झाला. आरी फोनवर कुरकुरला, पण त्याला मागच्या घरातली ती रात्र आठवत असावी, कारण दुसऱ्यांदा फोन केला नाही. वकिलांना शेजारच्या गावात घर मिळालं, वाफेच्या खोलीसह.

सौद्याची नोंद करणाऱ्या नोटरीकडे मात्र गंमत झाली. ती नेलमावशीनं स्वतः कोळंबी सोलताना शेजारणीला सांगितली, म्हणून मला ठाऊक. मागचं घर तिच्याकडे राहणार हे लिहायचं होतं. नोटरीनं 'हयातीपर्यंत' असं घातलं. ती म्हणाली, "खोडा ते. लिहा, उन्हाळी घर, उन्हाळा संपेपर्यंत."

"बाई, कायद्यात तारीख लागते. उन्हाळा कधी संपतो?"

"कळवीन."

क्राइननं टेबलावर डोकं टेकलं म्हणे. शेवटी नोटरीनं कायद्याच्या भाषेत त्याला हवं ते लिहिलं, आणि वाचून दाखवताना तिला हवं ते वाचलं. हुशार माणूस. त्यानं पाट्यांच्या धंद्यात यायला हवं होतं.

क्राइन मला न्यायला आला होता. माझ्याकडे बघितलं, कोळंबीच्या वासानं नाक मुरडलं. मला वाटलं, नाक मुरडतोय म्हणजे घेणार! पण तो म्हणाला, "राहू द्या इथेच. बापाचा शेवटचा सौदा समजा." वाउटरनं मला चार पाय लावले आणि मागच्या घराच्या भिंतीला लागून बाक केला. माझी अक्षरं आता खालच्या बाजूला आहेत, जमिनीकडे तोंड करून. मांजर सोडून ती कोणी वाचत नाही.

आज नोव्हेंबर आहे. समुद्र आठवडाभर गर्जतोय, वाळूवरची उपाहारगृहं वाउटरनं सुटी करून रचून ठेवलीत. पुढच्या खिडकीत दिवा आहे. मागच्या धुराड्यातून धूर निघतोय. दुपारी जरा उघडीप झाली की नेलमावशी कोट, मफलर, लोकरीची टोपी घालून माझ्यावर येऊन बसते. शाळेतून टेस येते, थंड पाण्यात पाय बुडवून ओरडते आणि मग शेजारी बसते. मध्ये बिस्किटांचा डबा असतो. झाकण कुठे असतं, मी बघितलेलं नाही.

कालच मागच्या यानचा लेन्डर्ट मागल्या गल्लीतून चालला होता. या गावात ज्याला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे असा तो एकटाच. फाटकापाशी थांबून म्हणाला, "नेलमावशी, अजून मागेच?"

तिनं मफलर घट्ट केला. "मग? हवा किती छान पडलीय."

लेन्डर्टनं आभाळाकडे पाहिलं. पावसाचे थेंब त्याच्या चष्म्यावर पडत होते. तो टोपी काढून म्हणाला, "खरंय. यंदा उन्हाळा सरतच नाही." आणि गेला. तो बोलला म्हणजे गावानं मान्य केलं.

तर हे माझं सगळं. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले, विकणे आहे, विकणे आहे. आता माझ्याकडे विकायला काही नाही. तुम्ही कधी घर घ्यायला निघालात, तर भिंती ठोका, नळ सोडून बघा, नाक जरूर मुरडा. पण जो माणूस ते घर सोडतोय त्याला एकदा विचारा, की तुम्ही निघून कुठे जाणार? नीट विचारा, वाउटरसारखं नको.

आणि आमच्याकडे आलात तर बाकावर बसा, जागा आहे. पण आधी बादलीत पाय धुवा. अजून उन्हाळा चालू आहे.